तीन वार

आलेसुंडला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
मी रांगनहिल्ड, फेरीबोटीच्या इंजिनापाशी
चौतीस वर्षं काढून घरी बसलेली.
रात्री पावणेबाराला चष्मा कपाळावर ढकलून
शेवटची बोली लावली, तेराशे चाळीस क्रोनर,
एका पितळी बॅरोमीटरवर.

घड्याळ शून्यावर आलं.
हातोडा आपटला नाही कुणी,
कुणी ओरडलं नाही एक वार, दोन वार.
पडद्यावर नुसतं हिरव्या अक्षरांत उमटलं: तुमचा.

तेव्हाच्या तेव्हा भिंतीत खिळा ठोकला.
खालच्या मजल्यावरच्या ओदवारनं
काठीनं छत बडवलं.

तिसऱ्या दिवशी निरोप.
माफ करा. खाली पडला. काच फुटली.
आता विकायचा नाही.
तोरगैर, मोल्दे.

चार वाक्यं, आणि चौथं तिसऱ्याला ओळखत नाही.
फुटली म्हणून विकायचा नाही,
की विकायचा नाही म्हणून फुटली?

माझा बाप बंदरावर माशांच्या पेट्या घ्यायचा.
भुवई वर केली की पेटी त्याची.
एकदा ऐन वेळी शिंक आली
आणि अकरा पेट्या हॅलिबट गळ्यात पडला.
हूं की चूं न करता पैसे मोजले त्यानं.
आम्ही नाताळापर्यंत हॅलिबट खाल्ला,
नंतर कित्येक वर्षं नाही.
बोली म्हणजे बोलणंच, म्हणायचा.
आपली तर शिंकसुद्धा बोलणं.

मी तीन पत्रं लिहिली.
पहिल्यात कायदा होता.
दुसऱ्यातले शब्द
इंजिनरूमच्या जिन्यावरून वर आणायचे नसतात.
तिसरं पाठवलं:
फुटका चालेल. काच मी बसवीन.
काटा हलतो ना, तेवढं सांगा.

त्यानं नाही सांगितलं.
पैसे मात्र परत आले, तेराशे चाळीस, चोख,
म्हणजे त्याच्या लेखी फिटलं.
माझ्या लेखी खिळा होता.
त्यावर टोपी अडकवून पाहिली. काढली.

जानेवारीत तो पुन्हा दिसला.
कडेला तोच पोचा, ‘वादळ’ शब्दाच्या खाली.
काच धडधाकट.
किंमत अडीच हजारांपासून पुढे.
काटा ‘अस्थिर’वर.

फोटो मोठा केला.
काचेत फोन धरलेला हात, अंगठ्याला पट्टी,
मागे मेज, मेजावर एकच ताटली,
औषधांचा सात कप्प्यांचा डबा,
बुधवारचं झाकण उघडं.
वाईट वाटायला लागलं
तेव्हा मोठा करणं थांबवलं.

कंपनीला दोन ओळी लिहिल्या.
तारीख, रक्कम, दोन्ही फोटो.
विशेषण एकही नाही.
संध्याकाळी त्याचं दुकान पडद्यावरून नाहीसं झालं.

रात्री त्याचा निरोप आला:
लेक म्हणाली, फार स्वस्तात दिलात.
मग मला तोंड राहिलं नाही.

एवढंच. ना माफी, ना शिवी.
मी लिहिलं, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत
तर पाचशे वर दिले असते.
‘कदाचित’ घातलं,
मग पुसलं,
कारण दिले नसते. सातशे दिले असते.
तेही नाही लिहिलं.

त्या आठवड्यात समुद्रावरून वारा आला,
छपरावरचे दोन पत्रे घेऊन गेला,
आधी कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असतं तरी पत्रे गेलेच असते.
पण मला कळलं असतं.

आज सकाळी कॉफीचा मग हातात घेऊन
भिंतीशी गेले,
खिळ्याच्या खाली, जिथं काच असती तिथं,
बोटानं टकटक केली.
भिंतीचा काटा काही हलला नाही.
खालून ओदवारची काठी आली,
एक वार,
दोन वार.
मी मग धरून तशीच उभी,
तिसऱ्याची वाट बघत.