घडा न भरलेला माणूस

केदाइन्यायला जानेवारीत चार वाजताच दिवे लागतात.
साखर कारखान्यातून उकडलेल्या बीटाचा वास
नदी ओलांडून माझ्या तिकीटखिडकीपर्यंत येतो,
ओल्या मातीसारखा, थोडा कुजका.

छत्तीस खुर्च्या. गुरुवार ते शनिवार मी लावते
मुलांना घेऊन कुणी येत नाही असले चित्रपट.

या आठवड्यात एक नावाडी.
भावाला फुटत्या बर्फावर सोडून परततो,
बूट काढतो, पाव कापतो.
दोन तास आपण वाट बघतो
की आता पापाचा घडा भरेल,
केलेलं अंगाशी येईल,
निदान पोट तरी दुखेल त्याचं.
वसंतात बर्फ वितळतं.
तो होडीला डांबर लावतो.

वायदोतास, कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला,
टोपी हातात घेऊन खिडकीशी आला.
पैसे परत दे.
का?
शेवट राहिलाय तुमच्याकडे कुठेतरी.
होता तेवढा दाखवला, म्हटलं.
त्याने नाणी मोजून घेतली, दोनदा.

आणि शुक्रवारी पुन्हा हजर. तीच खुर्ची.

मी दाराच्या फटीतून पाहिलं:
पोलीस अंगणात येतो तिथे
म्हाताऱ्याने पुढच्या खुर्चीची कड घट्ट धरली,
आणि पोलीस नुसतं पाणी पिऊन गेला
तेव्हा त्याने श्वास सोडला.
सुटला एकदाचा!
मीही सोडला होता, पहिल्यांदा पाहताना.
कुणाच्या बाजूने, ते नंतर जिन्यात लक्षात आलं
आणि दिवा न लावताच मी पायरीवर बसले.
तेव्हाच ठरवलं, हा मागवायचा.

बहीण म्हणते, जगात अंधार कमी आहे का?
येवितेचं बरोबर असेल. तिची रात्रपाळी असते,
तिने माणसं मरताना पाहिलीत.
मला एवढंच माहीत आहे:
गोड चित्रपट पाहून घरी जाते
तेव्हा मी चांगलीच असते,
काही न करता.

शनिवारी खेळ सुटल्यावर तो खिडकीशी घुटमळला.
म्हणाला, पहिला तुकडा तो कुत्र्याला देतो.
परवा दिसलं नव्हतं.
कालही नाही.

मग, कुणी काही विचारलेलं नसताना:
आमचा काटा गाडीमागे वीस किलो खायचा.
सव्वीस हंगाम.
मला ठाऊक होतं.

यावर मी काय बोलणार?
मी तिकिटं फाडते.
पाद्रीबाबांचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे,
तो त्यांच्याकडे गेला नव्हता.
हीटर कुरकुरत होता. कुणाचा तरी एक हातमोजा
मागच्या रांगेत राहिलेला, तो मी काउंटरवर ठेवला.

पुढच्या गुरुवारी काय आहे?
एक बाई, मी म्हटलं.
चांगली?
मी दोनदा पाहिलाय. अजून कळलं नाही.

त्याने तिकीट तिथल्या तिथे घेतलं.
सुटे पैसे परत दिले,
ते मोजले मात्र.