आयाम

औशाची शाळा, नववी ब.
बिराजदार सर फळ्यावर लिहितात:
आयाम म्हणजे मध्यस्थितीपासूनचं
जास्तीत जास्त विस्थापन.

दोऱ्याला अडकित्ता बांधलेला, त्यांचाच,
मधल्या सुट्टीत परत लागणारा.
तो झुलतो. आम्ही मोजतो.

रुबीना विचारते, प्राणायामातला आयाम हाच का?
हाच, म्हणतात सर. तिथं श्वास लांबतो,
इथं झोका.
अन् खडूचे हात पँटीला पुसतात.

मागून मन्मथ उठतो, पुनर्वसनातला:
सर, आमच्या आजाच्या कागदावर बी हाय हे,
विस्थापित.
जुनं गाव चार किलोमीटर.
पैले रोज जायचा,
पडक्या चौथऱ्यावर नुसता बसून यायचा.
मग नाल्यापर्यंत.
आता बाजंवरून मान वळवतो तिकडं, तेवढंच.

कुणीतरी हसतं. बाकीचे नाही.

सर अडकित्ता सोडवत नाहीत.
सुट्टीची घंटा होते तरी.
झोका आखूड होत जातो,
दिसतो न दिसतो इतका.

घड्याळ माझ्या हातात आहे:
दहा फेऱ्यांना अठरा सेकंद.
सुरुवातीला लागले होते
तेवढेच.