डाग

सुआमेला पहाट होत नाही.
कुणीतरी लोखंडावर पहिला हातोडा मारतो, मग दिवस धरायचा.
कुमासीच्या या टोकाला मेलेल्या ट्रकांची
हाडं, आतडी, दारं वेगवेगळी विकतात.
इथंच आईनं मला मास्टर टुफुओरच्या हवाली केलं:
श्नॅप्सची बाटली, ठरलेले सेडी, आणि वर एक वाक्य,
"हिचा हात शिवणात बसत नाही."

मास्टर हसला नाही. म्हणाला, "झाडू तिकडे."

वर्षभर झाडूच. राख, कीस, जळक्या रॉडची थोटकं.
पाणी आणायचं, केंके आणायचे, मिरचीची चटणी विसरायची नाही,
अर्थिंगचा चिमटा धरून उभं राहायचं
आणि मान वळवायची, मान वळवायची.
एकदा नाही वळवली.
त्या रात्री पापण्यांखाली कुणी वाळू दळत होतं.
शेजारच्या बाळंतिणीनं डोळ्यांत दुधाचे थेंब सोडले.
माझ्याहून दोनच वर्षं मोठी. म्हणाली,
"एवढं काय बघायला गेली होतीस?"
सांगता येईना. पांढरं. नुसतं पांढरं.

दुसऱ्या वर्षी हातात होल्डर आला.
काडी ओढावी तसा रॉड ओढायचा, म्हणे.
ओढला की चिकटायचा,
उपटला की विझायचा,
रेटला तर पत्र्याला भोक.
नसिया, माझ्याआधीचा शिकाऊ, खो खो हसायचा:
"अफ्रियेनं चाळणी केली, पीठ आणा!"
मास्टर शिकवायचा नाही. स्टुलावर बसून
रस्त्याकडेला केळी तळणाऱ्या बाईकडे हनुवटी करायचा.
"तिच्या कढईचं ऐक."

ऐकत गेले.
तेल गार असलं की केळं बद्द बोलतं.
फार तापलं की तडतड, शिव्या घातल्यासारखी.
मधे कुठेतरी एक सलग, पातळ चरचर असते,
पोट भरलेल्या माणसाच्या गप्पांसारखी.
ती माझ्या हातून आली
आणि वीज गेली.
बोटभरही नव्हता तो सांधा.
तीन तास मी होल्डर खाली ठेवला नाही.

मग मास्टरचा घण. तुटला.
पुढचाही तुटला. त्याच्या पुढचाही.
तुटलेल्या तोंडात बोट घालून तो चाचपायचा:
"इथं घाई केलीस. इथं तुला कुणी हाक मारली."
मारलीच होती. नसियानं, उत्तरेच्या बसच्या दारातून,
पाठीला एक पिशवी, वाळवंट ओलांडायला.
मी हात हलवला नाही, हातात रॉड होता.
त्याचं हेल्मेट अजून खिळ्याला आहे.
कुणी घालत नाही. कुणी काढतही नाही.

मास्टरला दिसत नाही, हे मला फार उशिरा कळलं.
टेप माझ्या हातात देऊन म्हणायचा, "वाच."
मला वाटायचं, परीक्षा घेतोय.
नोटा अंगठ्यानं ओळखायचा.
कोणे एके काळी शिकाऊ चार होते आणि काळी काच एक;
ती ज्याच्या त्याच्या हातात देऊन
त्यानं सगळा उजेड उघड्या डोळ्यांनी प्यायला.
हे मला त्यानं नाही, केळीवालीनं सांगितलं,
सुटे पैसे परत देता देता.

माझ्या हातांवर एकोणीस डाग आहेत.
आई ते मोजते, लग्नात घालायचे डाग मोजावेत तसे,
पुन्हा पुन्हा, एखादा हरवला असेल म्हणून.

गेल्या शनिवारी मला मोकळं केलं.
प्रार्थना झाली, बाटली फिरली,
डोक्यावर टाल्कम पावडरचा अख्खा डबा रिता झाला.
फोटो निघायच्या आतच एक बाई आली,
मक्याच्या गिरणीचं फुटकं नरसाळं डोक्यावर घेऊन.
माझ्या पावडरकडे बघत तिनं विचारलं, "मास्टर कुठाय?"

मास्टर तिथंच होता, तिच्यापासून दोन हातांवर.
बोलला नाही.
मी काच खाली केली.
काचेआड काहीच दिसत नाही, रॉड पेटेपर्यंत.
मागं स्टूल करकरलं.
त्यानं कान वळवला असणार.