छाट

सूप मांडीवर, विडी घरकुलात पत्र्याखाली,
हजार वळून होतात तोवर मान धरते.
कारखान्यात चेकर एकेक कट्टा दाबून बघतो.
सैल निघाली, की छाट.
त्याच्या बोटांकडं बघत
तेवीस वर्षं उभी आहे मी.

देवापुढंही तशीच.
दर जानेवारीला मंडपात हाक आली,
तारण हवं त्यांनी हात वर करा,
की माझा हात वर. सहा वर्षं.
पाळकसाहेब एकदा हसून म्हणाले,
एस्तेरबाई, मागच्या साली केलेला हात कुठं गेला?

काय सांगू.
जावेला शिव्या देताना खाली आला असेल,
नाहीतर तेंदूची पानं लपवताना.

यंदा सासूबाईंना काही आठवेना.
मी कोण, दुपार का रात्र.
प्रभूची प्रार्थना भाकरीपाशी येऊन अडते
आणि त्या खरंच भाकरी मागतात.
पाळकसाहेब खाटेपाशी आले,
द्राक्षरसात भिजवलेला तुकडा
त्यांच्या जिभेवर ठेवला.
विचारलं नाही काही.
उजवा हात तर लकव्यानं कधीच गेलेला,
वर काय करणार?

मी सूप खाली ठेवलं.
हिला म्हणेल का कुणी छाट?
म्हणून तर बघू दे, माझ्यासमोर.

मग हे इतकी वर्षं
मी कुणाचा हात मोजत होते?

रात्री लाईट गेली.
कट्टे न मोजताच झोपले.

सकाळी चेकरनं चाळीस विड्या काढल्या.
पदरात घेतल्या, ऊन चढायच्या आत
सात रस्त्यावरून रिक्षा धरली.
सासूबाईंची वेणी राहिली होती.