टोपी

ओका नदी गोठली की पुश्चिनोत रात्री
फ्रीझरची घरघर तेवढी ऐकू येते.
रिम्मा अर्काद्येव्ना लाल दिव्याखाली फिल्म धुतेय.
मला म्हणाली, उभा राहा, पण शिंकू नकोस.

नेहमीचा रिवाज तिला तोंडपाठ:
आरएनएच्या टोकाला इवलीशी टोपी असते.
ती पाहून एक प्रथिन ओळख पटवतं,
दुसरं त्याचा हात धरून रायबोसोमला बोलावतं.
त्याचं लहान अर्धुक धाग्यावर चढतं
आणि सरकत राहतं, अक्षरामागून अक्षर,
अर्थाच्या फंदात न पडता.
तिची आई मेणकापडावर कुट्टू निवडायची तसं:
हा दाणा, हाही दाणा, हा खडा,
थांब.
ए, यू, जी.
मग मोठं अर्धुक वरून बसतं,
मेथिओनिन आत येतं
आणि पेशीचं एक वाक्य सुरू होतं.

पोलिओला टोपीच नाही.
टोपी नसलेलाच सगळ्यांना टोपी घालतो,
हे मी तिला रशियनमध्ये सांगून पाहिलं.
विनोद वाटेतच मेला.

तो आधी तो धरलेला हात छाटतो.
ओळख पटवणारा एकीकडे, बोलावणारा दुसरीकडे.
दाराशी टोप्या घालून ताटकळलेले पेशीचे निरोप,
आणि ह्याच्या धाग्याच्या मध्यावर
गाठी, वळसे, केसांच्या आकड्यांसारखे पीळ,
तिथेच रायबोसोम अलगद उतरतो.
छाटलेला अर्धा तुकडासुद्धा ह्याच्याच चाकरीला.

सेर्पुखोव्हमध्ये छप्पन्न सालच्या ऑगस्टात
तिचा धाकटा भाऊ वेनियामिन झोपून उठला.
डावा पाय उठला नाही.

फिल्मवर काळी रेघ उमटते.
रिम्मा पट्टी लावते, मोजते, पुन्हा मोजते:
सातशे त्रेचाळीस.
"इथून," ती म्हणते. "इथून सुरू करतो तो."
आणि थोड्या वेळाने, जवळजवळ कौतुकाने,
"हुशार आहे मेला."

बाकाखाली बुटांची दोन खोकी,
एक एकोणचाळीस नंबरचं, एक बेचाळीस.
दर हिवाळ्यात ती दोन जोड घेते,
वेनियामिन त्यांतला एकेक घालतो.
उरलेले दोन तो फेकत नाही.
कपाटात ते शेजारी शेजारी उभे असतात म्हणे,
कुणाच्याच पायांचे नसलेले.

उद्या रविवार. पहिली बस सातला.
फिल्म अजून ओली आहे.