धूळखातं

क्लीव्हलँडच्या नवव्या रस्त्यावर
बारा दिवस जग बुडत होतं,
रोज सकाळी सहाला,
जेवणाची सुट्टी धरून.

मी धूळखात्यात होतो.
हसू नका, असं खातं असतं.
इमारत कोसळली की धूळ लागते
आणि खरी धूळ नटांच्या डोळ्यांना झेपत नाही,
म्हणून पोत्यांनी यायची मुलतानी माती,
तीच, बायका चेहऱ्याला फासतात ती.
चारशे पोती उधळली मी त्या शहरावर.
त्याची कांती उजळली असेल तर माझ्यामुळे.

ढिगारा बुचाचा, खांब थर्माकोलचे.
त्यांना करडा रंग देणारा अँटन क्रीवात
चहाच्या वेळी एका तुळईवर टेकला,
तुळई मोडली.
म्हणाला, मीच शत्रू वाटतं.

आता ते सहा वीर.
पाठीला पाठ लावून उभे राहतात,
कॅमेरा भोवती गरगरतो,
थिएटरात शिट्ट्या पडतात तिथे.
त्या दिवशी चारच होते.
पाचवा बुडापेस्टला दुसऱ्या सिनेमासाठी दाढी वाढवत होता,
त्याच्या जागी टॅव्हॅरिस, उड्या मारून गुडघा सुजलेला.
सहावा म्हणजे काठीवरचा टेनिसचा चेंडू.
त्या चेंडूकडे बघून जिनं डोळ्यांत पाणी आणलं
तिला मी अजून मानतो.

आणखी सांगू?
चिलखतवाल्याच्या अंगभर नळ्या होत्या,
बर्फाचं पाणी खेळवायला.
चिलखत उतरवायला पस्तीस मिनिटं,
म्हणून दहानंतर तो घोटभरही पाणी प्यायचा नाही.
जगाचा तारणहार, ओठ सुकलेला.
सगळ्यांत उंच वीर पेटीवर उभा राही.
पेटीचं नाव आम्ही ठेवलं होतं पराक्रम.
‘अरे, पराक्रम जरा डावीकडे सरकव.’

नवव्या दिवशी मोठा शॉट.
तीन मोटारी उलटणार, एक बस पेटणार,
बस एकच होती.
दारोदार चिठ्ठ्या वाटलेल्या:
साडेआठ ते दहा कुणी बाहेर पडू नये.
ॲक्शन झालं.
मी पंख्यात पोतं रिकामं केलं
आणि सदतीस नंबरच्या दारातून
झुपानबाई आल्या,
चाकांची पिशवी ओढत.

मंगळवार होता.
मंगळवारी बेकरीत कालचा पाव निम्म्या भावात.

पलीकडच्या फुटपाथवरून,
उलट्या मोटारीला वळसा घालून
कोपऱ्यावर आल्या.
कोपऱ्यावरचा सिग्नल आमचा होता,
फायबरचा, कायमचा लाल.
त्या थांबल्या.
बस जळतेय, चार वीर दोऱ्यांवर लटकताहेत,
आग विझवणारा पोरगा हातवारे करून घसा फोडतोय,
आणि त्या थांबल्या आहेत
दिवा हिरवा व्हायची वाट बघत.

पुढे व्हँकुव्हरला कुणी एक मुलगी,
तिचं नाव मला कधी कळलं नाही,
अकरा आठवडे चौकटीमागून चौकट उघडून
त्यांना पुसत बसली.
आधी पिशवी. मग कोट.
मग डोक्याचा रुमाल, त्याला म्हणे फार वेळ लागला.

सिनेमा आला, लेकीला घेऊन गेलो.
माझं नाव सरकलं तेव्हा तिला शिंक आली,
आणि तसंही ते चुकीचंच छापलं होतं.
पण त्याआधी, बस पेटते तिथे,
मी तिचा दंड धरला:
बघ, बँकेपाशी,
धुळीच्या पडद्यावर एक सावली,
वाकलेली, मागे पिशवी,
थांबलेली.
बाई पुसल्या गेल्या होत्या.
सावली माझ्या मातीवर पडली होती,
ती उरली.

मी सांगायला गेलो झुपानबाईंना.
त्यांनी ऐकून घेतलं, पाव कापून दिला.
म्हणाल्या,
तो कोपऱ्यावरचा दिवा बिघडलाय,
कुणाच्या ओळखीचं असेल ऑफिसात
तर कळवा.