इंच-पाउंड

पहिला बोल्ट आवळताना पान्हा कट् म्हणालाच नाही.
नुसतं मऊ पडत गेलं सगळं,
ओल्या साबणात फिरावं तसं.
कैवल्यला वाटलं, बोल्टच वाईट.
म्हणून त्याने दुसरा घेतला.

दोन भोकांचे आटे गेले तेव्हा तो घरात आला
आणि हात न धुता फ्रिज उघडून उभा राहिला.
सॅगिनॉचा फेब्रुवारी, गॅरेजचं दार अर्ध्यावर गोठलेलं,
आणि फ्रिजच्या उजेडात सतरा वर्षांचा मुलगा
काहीच शोधत नव्हता.

शाळेत त्याला ‘काय’ म्हणतात. छोटं, सोपं.
त्यांना कुठे ठाऊक, आमच्यात तो प्रश्न असतो.
काय? मी विचारलं.
त्याने मूठ उघडली.
बोल्टला गुंडाळून आलेली ॲल्युमिनियमची तार,
चकचकीत, शेवेसारखी, बोट लावताच मोडणारी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
इथे सुंभ जागच्या जागी. पीळच हातात आला.

पुस्तकात होतं एकोणनव्वद. इंच-पाउंड.
याने लावले एकोणनव्वद फूट-पाउंड. बारा पट.
मी औषधांच्या दुकानात बावीस वर्षं
मिली आणि मायक्रो यांच्यामधल्या फटीत उभी असते.
मला पुष्कळ बोलता आलं असतं.
एकदा, नाइट शिफ्टला, एका बाटलीवर मी
पण ती बाटली काउंटरवरूनच परत आली,
आणि हे घरात कुणाला माहीत नाही.
जेवून घे, मी म्हटलं.

रविवारी समोरचे वेंडेल गेन्स आले, बिस्किटांच्या डब्यात अवजारं घेऊन.
एकतीस वर्षं बिडाच्या ओतशाळेत.
उजवा कान तिथेच राहिला,
त्यांना काहीही सांगायचं ते डावीकडून.
वाकून त्यांनी भोकात काडी फिरवली.
बीड असतं तर चार शिव्या घालून ऐकलं असतं.
हे लोणी आहे, पोरा.

ड्रिलला निळी टेप, खोलीची खूण.
टेपच्या खाली पाणी आहे,
आणि आपण विहीर खणत नाही आहोत.
मग टॅपला दोन थेंब. वास येताच
मी म्हटलं, रॉकेल!
दोघांनी वर पाहिलं. दोघांनाही तो शब्द नवा.
अर्धा फेरा पुढे, पाव मागे.
कचरा मोडू दे, मग पुढे.
कैवल्यची जीभ ओठांच्या कोपऱ्यात,
तिसरीत हातच्याची वजाबाकी करताना असायची तशी.

मग स्टीलची गुंडाळी, पेनातल्या स्प्रिंगएवढी,
फिरत फिरत उतरली, काठाच्या जराशी आत.
तळाशी तिची आडवी शेपटी. एक टोला, मोडली.
ती काही चुंबकाला लागेना.
वीस मिनिटं चिमटा, टॉर्च,
आणि वेंडेलच्या शिव्या, ज्या माझ्यासमोर
त्यांनी खोकल्यात गुंडाळल्या.
दुसऱ्या भोकाला पाच मिनिटं लागली.

आता छोटा पान्हा, इंचांचा.
आकडा कैवल्यने मोठ्याने वाचला,
मग मला वाचायला लावला.
कट्.
पुन्हा कट्.

ही दोन आता बाकीच्यांपेक्षा पक्की, वेंडेल म्हणाले,
स्टील धरतंय ना त्यांना.
कैवल्य हात पुसत होता, थांबला.
मग बाकीची चार?
वेंडेलनी उजवा कान पुढे केला.

रात्री तो भांडी विसळत होता, मी पुसत होते.
एकदा, मी म्हटलं, नाइट शिफ्टला, एका बाटलीवर
काय? तो म्हणाला,
आणि नळ बंद केला.